अठरा व्होल्ट

मधमाश्या धडधाकट होत्या. यंत्र मरायचं.
आठवड्यातून एकदा, नेमानं, पेटीखालचा वजनकाटा
बोलता बोलता गप्प व्हायचा,
आणि रविवारी सकाळी मी बूट चढवून
बर्फातून जायचे, प्लग काढायचे,
दहापर्यंत मोजायचे, पुन्हा लावायचे.
कार्दलाच्या शाळेत चौतीस वर्षं
पदार्थविज्ञान शिकवलेल्या बाईला
हा इलाज शोभत नाही.

लॅपटॉप भाचीनं टाकून दिलेला.
पडद्याच्या कोपऱ्याला भेग, कीबोर्डवरचा एक स्वर कायमचा गेलेला.
लिनक्स घातलं तेव्हा म्हाताऱ्या घोड्यासारखा
एकदा फुरफुरला आणि चालू लागला.
आता हे घोडं कुठे पेंड खातंय
तेवढंच कळेना.

आधी कर्नलवर आळ घेतला. जुना परत आणला.
मग मेमरी कार्ड. मग केबल,
मग केबलचं ते टोक, ज्याची उंदरानं चव घेतली होती.
मग ड्रायव्हर: कुणा परक्या माणसानं
अकरा वर्षांपूर्वी लिहिलेला, आणि मध्येच एक ओळ,
‘हे का चालतं मला माहीत नाही. हात लावू नका.’
मी हात लावला.
दोन दिवस गेले तो पूर्ववत करण्यात.

लॉग वाचायला उत्तरपत्रिका तपासण्याचा धीर लागतो.
नव्याण्णव ओळी पाठ केलेल्या, एकीची दुसरीवरून नक्कल,
आणि शंभरावीत कुणीतरी चुकून खरं बोलून जातं.
शनिवार, सहा वाजून सात : वीज अपुरी.
मागचा शनिवार, सहा वाजून बारा.
त्याच्या मागचा, सहा वाजून चार.

पुढच्या शनिवारी सॉकेटला मीटर लावून
अंधारात स्टुलावर बसले.
दोनशे एकोणतीस. दोनशे एकोणतीस.
दोनशे अकरा.
अठरा व्होल्ट कोण गिळतंय,
इतक्या शिस्तीत?

मान वर केली. काखेत कळसा.
कुंपणापलीकडे एल्मारच्या सॉनात,
त्याच्या वाफेच्या न्हाणीत, दिवा लागला होता.
शरदात त्याचे गुडघे गेले, लाकडं फोडणं सुटलं,
मुलानं तालिनहून विजेची भट्टी आणून बसवली.
नऊ किलोवॉट. आम्हा दोन घरांना मिळून एकच तार,
दीड किलोमीटर पाइनच्या जंगलातून येणारी.
तो दगड तापवतो,
माझ्या यंत्राला भोवळ येते.

त्याला बोलले नाही.
बोलले असते तर त्यानं भट्टी बंद ठेवली असती
आणि वर मधाचे पैसेही दिले असते.
मोपेडची जुनी बॅटरी मध्ये जोडली. भागलं.
मीटर मात्र काढला नाही.
सहा ओळींची स्क्रिप्ट, मिनिटाला एक आकडा.
कशासाठी, विचारू नका.

फेब्रुवारी. बाहेर उणे चौदा,
पेटीत, माश्यांच्या गोळ्यात, अधिक बावीस.
सहा वाजून सात. दोनशे एकोणतीस.
साडेसहा. दोनशे एकोणतीस.
सात. दोनशे तीस.
इतका निर्दोष आलेख
मुलांच्या वहीत कधी पाहिला नव्हता मी.
पोटात गोळा आला.

टॉर्च घेतला. कोट उलटा घातलाय
हे वाटेत कळलं.
दार ढकललं, तर एल्मार टॉवेल गुंडाळून
गार भट्टीसमोर, हातात स्क्रूड्रायव्हर,
तोंडात रशियन शिव्या
(आपल्या भाषेत पुरेशा नाहीत, असं त्याचं मत).
वर न बघताच म्हणाला, ‘मल्टिमीटर आणलास?’
खिशातच होता.
‘आधी मेन स्विच पाड,’ मी म्हणाले,
सातवीच्या वर्गाला सांगावं तसं.
‘तुला कळलं कसं?’
‘मधमाश्यांनी सांगितलं.’
रिलेचा एक पाय करपला होता.

पावणेदहाला आलेख खाली आला असेल.
बघायला मी कुठे होते?
मी वरच्या बाकावर, डोळ्यांत घाम,
एल्मार पळीनं दगडांवर पाणी ओततोय,
गुडघ्यांना नावं ठेवतोय,
आणि माझ्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात
तो भेगाळलेला पडदा एकटाच लिहीत बसलाय :
दोनशे अकरा.
दोनशे अकरा.
दोनशे दहा.